कोकणच्या पोटातल्या भेगा

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. बोलताना वेळेअभावी राहून गेलेले एक-दोन मुद्दे छापताना घातले आहेत.)

भाताची झोडणी अर्धी राहिली असेल, तरी वेळ काढून रेडिओ लावलात, बरं वाटलं. मी भूगोल शिकवून निवृत्त झालेली बाई. आजचा विषय ऐकायला लांबचा वाटेल, पण तो सुरू होतो एका बोअरपासून, आणि बोअर म्हटलं की आपल्या सगळ्यांचे कान टवकारतात.

गेल्या उन्हाळ्यात खाडीपलीकडच्या एका वाडीतल्या बचत गटाच्या बायका माझ्या घरी आल्या. गटाची शिल्लक होती, वर थोडं कर्ज काढलं, आणि सगळ्यांनी मिळून पाण्यासाठी बोअर मारली. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून जागा दाखवली होती. मशीन २१० फूट गेलं, नुसती काळी भुकटी उडाली. आणि त्या बोअरपासून शंभर पावलांवर, डोंगराच्या अंगाला, एका भावकीची जुनी विहीर आहे. तिला मे महिन्यातसुद्धा कमरेइतकं पाणी. गटाच्या अध्यक्ष म्हणाल्या, "बाई, पैसे गेले ते गेले. हप्ते आम्ही फेडू. पण एकाच वाडीत, एकाच पावसात, असं दोन तऱ्हेचं कसं, तेवढं सांगा."

मी जाऊन बघितलं. विहीर आणि बोअर यांच्या मधून काळ्या दगडाची एक ओळ जाते. दोन-तीन हात रुंद, दोरी लावून घातलेल्या गडग्यासारखी सरळ. उत्तरेला ती भाताच्या खाचरात शिरते, दक्षिणेला किनाऱ्याकडे जाते आणि ओहोटीला खडकात परत दिसते. वाडीतली म्हातारी माणसं म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत घातलेला बांध. चांगली गोष्ट आहे, मला आवडते. पण ती ओळ कुणी बांधलेली नाही. ती जमिनीला पडलेली भेग आहे, आणि त्या भेगेत खालून वितळलेला दगड चढून थंड झालेला आहे. जमिनीला भेग का पडली? कारण ती ताणली गेली.

जमीन ताणते म्हणजे काय, हे समजायला स्वयंपाकघरात या. संक्रांतीला तुम्ही गुळाचा पाक करता. गरम असताना तो उलथन्याने उचलला की तार धरतो, ओढाल तितका लांब होतो. तोच पाक ताटात थंड झाला की चिक्की होते, आणि चिक्की ओढली तर लांब होत नाही, टचकन तुटते. गूळ तोच. फरक फक्त उष्णतेचा. आणि आता असं समजा की ताटातला पाक वरून निवला आहे, तळाशी अजून गरम आहे. अशा वेळी दोन बाजूंनी धरून ओढलं तर वरच्या पापुद्र्याला तडे जातील आणि खाली तारा निघतील. पृथ्वीच्या कवचाचं नेमकं हेच होतं.

आपण ज्यावर उभ्या आहोत ते खंडाचं कवच साधारण ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं. खाली जावं तसं ते तापत जातं. दर किलोमीटरला २५ ते ३० अंश, असा ढोबळ हिशेब धरा. दहा-बारा किलोमीटर खाली गेलं की ३०० अंशांच्या आसपास उष्णता होते, आणि तिथे गारगोटीचे दाणे मऊ पडायला लागतात. वितळत नाहीत हं, घट्टच असतात, पण खूप सावकाश ओढलं तर तुटण्याऐवजी लांबतात. म्हणजे वरचे दहा-पंधरा किलोमीटर चिक्की, आणि त्याखाली तार धरणारा पाक.

आता हे कवच दोन बाजूंनी ओढलं गेलं, समजा. भाकरी थापताना बघा, ती रुंद होते तशी पातळ होते. कवचाचंही तसंच, जितकं रुंद तितकं पातळ. पण वरचा थर थापता येत नाही, तो तुटूनच रुंद होऊ शकतो. कसा, ते ताटाळ्यात बघता येईल. ताटाळ्याच्या एका कप्प्यात दहा-बारा ताटं उभी खेटून ठेवा. बाजूची दोन-तीन ताटं काढून घ्या. उरलेली ताटं एकमेकींवरून घसरत कलंडतात. उंची कमी झाली, जागा जास्त व्यापली. जमिनीचे मोठमोठे तुकडे असेच तिरप्या भेगांवरून घसरतात आणि कलंडतात. एक तुकडा खाली जातो, शेजारचा वर राहतो. शाळेच्या पुस्तकात याला प्रस्तरभंग म्हणतात. दोन भेगांच्या मधला तुकडा खाली बसला की खचदरी. तुमच्या मुलींना विचारा, नववी-दहावीच्या मुलीला हे शब्द येत असतील, आणि ताटाळ्याचं उदाहरण देऊन बघा. माझ्या वर्गात फळ्यावरच्या आकृतीपेक्षा त्या उदाहरणानेच मुलींच्या डोक्यात उजेड पडायचा.

ही भेग खाली-खाली गेली की तिचं काय होतं? खालचा थर तर तुटत नाही. तिथे भेग नसते, पट्टा असतो. वरचा भाग एका दिशेला, खालचा भाग दुसऱ्या दिशेला सरकतो आणि मधला खडक त्यांच्यात सापडून ओढला जातो, चपटा होतो, लांबतो. शास्त्रज्ञ याला शिअर झोन म्हणतात. मराठी पुस्तकात अपरूपण पट्टा असा जड शब्द आहे. आपल्यासाठी जातं पुरे आहे. खालचा दगड जागचा हलत नाही, वरचा फिरतो, आणि मधे सापडलेल्या दाण्याचं जे व्हायचं ते होतं. गंमत म्हणजे ही कल्पना माझी नाही. १८८५ साली चार्ल्स लॅपवर्थ नावाच्या भूशास्त्रज्ञाने स्कॉटलंडमध्ये असा रगडलेला खडक पाहिला आणि त्याला मायलोनाइट हे नाव दिलं, ग्रीक भाषेतल्या जात्याच्या शब्दावरून. तिथे जमीन ताणलेली नव्हती, दाबली गेली होती, पण मधला खडक सापडण्याची रीत सारखीच. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर कळलं की त्यातले दाणे नुसते दळले जात नाहीत, उष्णतेत ते ओढले जाऊन नव्याने घडतात. म्हणजे नाव जात्याचं आणि वागणं शेवयांच्या पिठाचं.

वर भेग, खाली पट्टा. वाट एकच आहे, फक्त उष्णतेप्रमाणे तिचं रूप बदलतं. आजच्या भाषणातलं हे एवढं लक्षात राहिलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

हा खालचा पट्टा डोळ्यांनी बघायचा असेल तर मात्र आपल्याला कोकण सोडून लांब जावं लागेल, कारण इथे तो अजून जमिनीच्या पोटात, लाव्ह्याच्या थरांखाली गाडलेला आहे. ग्रीस देशाच्या समुद्रात नॅक्सोस नावाचं बेट आहे. तो सगळा भाग सुमारे दोन-अडीच कोटी वर्षांपासून ताणला गेला. वरचा थर उताराच्या भेगेवरून उत्तरेकडे घसरत गेला, जशी तापवलेल्या दुधाच्या पातेल्यावरून साय एका बाजूला ओढून घ्यावी. वरचं ओझं गेलं तसा खालचा खडक वर आला. एके काळी वीसेक किलोमीटर खोल असलेला दगड आज त्या बेटावर उघडा आहे, आणि त्यात दाणे एकाच दिशेला लांबलेले स्पष्ट दिसतात. अशा जागा अमेरिकेच्या पश्चिम भागातही आहेत. पण आपल्याला अजून एक ठिकाण बघायचं आहे, जिथे हे काम आत्ता चालू आहे, आणि जिथे आपल्या वाडीतली काळी ओळ अक्षरशः लोकांच्या देखत तयार झाली.

आफ्रिकेच्या पूर्वेला, इथिओपियापासून केनिया, टांझानियाकडे जमीन पूर्व-पश्चिम ओढली जाते आहे. वेग किती? इथिओपियात वर्षाला ५-६ मिलिमीटर. आपलं नख वर्षाला याच्या कितीतरी पट वाढतं. पण एक कोटी वर्षं धरली तर ५ मिलिमीटरचे ५० किलोमीटर होतात. या ताणाने तिथे हजारो किलोमीटर लांब खचदऱ्यांची रांग झाली. काही दऱ्यांत पाणी भरून सरोवरं झाली. टांगानिका सरोवर १,४७० मीटर खोल आहे, आपलं कळसूबाईचं शिखर त्यात उभं केलं तर जेमतेम पावणेदोनशे मीटर वर डोकावेल. उत्तरेकडे अफार नावाच्या प्रदेशात जमीन इतकी खचली आहे की काही भाग समुद्रसपाटीच्या १०० मीटरहून जास्त खाली आहे. तिथे मिठागरं आहेत, आणि माणसं ते मीठ कापून उंटांवर लादून नेतात.

सप्टेंबर २००५ मध्ये या अफारमध्ये भूकंपामागून भूकंप व्हायला लागले. काही आठवड्यांत ६० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात जमीन फाकली, काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत. मोजमाप उपग्रहांनी केलं. एका जागी जमीन उघडून राखही उडाली. पण बहुतेक ठिकाणी त्या फटीतून बाहेर काही आलं नाही. खालून वितळलेला खडक फटीत चढला आणि आतच थिजला. म्हणजे जमिनीत ६० किलोमीटर लांबीची एक उभी दगडी भिंत तयार झाली. पुढच्या पाच वर्षांत असं आणखी डझनभर वेळा घडलं. अशा भिंतीला डाइक म्हणतात. तुमच्या वाडीतला पांडवांचा बांध हा असाच एक डाइक आहे, फक्त सहा कोटी वर्षांहून जुना. वरची माती आणि दगड पावसाने झिजून गेले, आणि आतली कठीण भिंत उघडी पडली.

म्हणजे कोकणही कधीतरी असंच ओढलं जात होतं? होय. आणि त्याचा ताण आज आपण अंदाजाने नाही, दगड वाचून सांगू शकतो.

पूर्वी भारत, मादागास्कर, सेशेल्सची बेटं आणि आफ्रिका हे एकाच मोठ्या भूखंडाचे भाग होते. मादागास्कर भारतापासून सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी सुटलं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमारास आपल्या महाराष्ट्रात लाव्ह्याचे थरावर थर पसरले, ज्यांचा आपला काळा कातळ झाला. आणि त्यानंतर थोड्याच काळाने, सुमारे ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, सेशेल्स आपल्यापासून तुटून दूर गेलं. थोडा काळ म्हणजे तीस लाख वर्षं, दगडांच्या हिशेबात तेवढं चालतं. आज सेशेल्स मुंबईपासून हजारो किलोमीटर लांब समुद्रात आहे, पण तिथल्या बेटांवरचा जुना ग्रॅनाइट राजस्थानातल्या मलानीच्या खडकांचा जोडीदार आहे. दोन्हीचं वय ७५ कोटी वर्षांच्या आसपास. कापलेल्या लुगड्याचे दोन तुकडे काठ जुळवून ओळखावेत, तसं.

असं एखादं तुकडं तुटायच्या आधी जमीन आधी ताणली जाते, पातळ होते, भेगाळते. त्या भेगाळण्याच्या खुणा आपल्या दारात आहेत. माथेरानला गेलात तर समोरच्या डोंगरांचे थर बघा, ताटात मांडलेल्या वड्यांसारखे सपाट. तेच थर पनवेल आणि मुंबईच्या बाजूला समुद्राकडे कलंडलेले आहेत, काही ठिकाणी दहा-वीस अंशांनी. भूशास्त्रज्ञ याला पनवेलचा बाक म्हणतात. जमिनीची पश्चिम कड खाली झुकली, तिचा हा पुरावा. अलिबाग, मुरूडच्या किनाऱ्यावर ओहोटीला काळ्या भिंतींच्या ओळी दिसतात, पुष्कळशा उत्तर-दक्षिण जाणाऱ्या. जुनं पातळ दोन हातांत धरून डाव्या-उजव्या बाजूला ओढलं तर फाट उभी पडते. तशीच जमीन पूर्व-पश्चिम ओढली की भेग उत्तर-दक्षिण. धुळे-नंदुरबारकडच्या मैत्रिणी हा अंक वाचत असतील तर त्यांच्याकडे मात्र या भिंती बहुतेक पूर्व-पश्चिम आहेत, आणि त्यांची संख्या मोठी आहे. तिथे ओढ उत्तर-दक्षिण होती, नर्मदा-तापीच्या खचलेल्या पट्ट्याच्या बाजूने.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मी स्वतः वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं की सह्याद्रीची पश्चिमेची सरळसोट कडा म्हणजेच मोठा प्रस्तरभंग. पुस्तकात तसं होतं. आता बहुतेक अभ्यासकांचं म्हणणं वेगळं आहे. मोठ्या भेगा किनाऱ्याजवळ आणि समुद्राखाली आहेत, आणि कडा पाण्याने झिजत झिजत पूर्वेला मागे सरकत आजच्या जागी आली. मला हे पटतं, कारण घाटाच्या पायथ्याशी उभं राहून बघितलं तर कडा ओढ्या-नाल्यांनी कुरतडलेली, वेडीवाकडी दिसते, सुरीने कापल्यासारखी नाही. माझ्या जुन्या विद्यार्थिनी ऐकत असतील तर त्यांनी दुरुस्ती करून घ्यावी.

समुद्राखाली खचलेल्या भागात पुढे गाळ साठत गेला, किलोमीटरच्या किलोमीटर. त्या गाळात तेल आणि वायू तयार झाला. मुंबईपासून दीडशेहून जास्त किलोमीटर समुद्रात १९७४ साली सापडलेलं मुंबई हायचं तेलक्षेत्र या ताणलेल्या कवचावरच आहे. तिथला वायू उरणला येतो. गॅसच्या टाकीतला सगळा नाही, पण काही भाग या जुन्या खचण्याची देणगी आहे.

आणि गरम पाण्याचे झरे. कोकणात गरम झऱ्याला उन्हाळं म्हणतात. नावं नुसती म्हणून बघा: पालीजवळचं उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातलं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे. ऊन म्हणजे गरम. आपल्या पणज्यांनी गावांची नावं ठेवतानाच भूशास्त्र लिहून ठेवलं आहे. त्यात वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी घाला, खाली आरवली, तुरळ, राजवाडी घाला, आणि नकाशावर ठिपके जोडा. किनाऱ्याला समांतर जवळजवळ ३०० किलोमीटरची ओळ होते. झरे वाट्टेल तिथे नाहीत, एका रेषेवर आहेत, कारण खालच्या भेगा एका रेषेवर आहेत.

पुष्कळ जणींना वाटतं की खाली ज्वालामुखी जळतो आहे, नाहीतर गंधक पेटलं आहे. तसं काही नाही. पावसाचं पाणी भेगांतून खाली खाली जातं. मघाशी सांगितलं, किलोमीटरला २५-३० अंश. दीड-दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी आपोआप तापतं. मग दुसऱ्या एखाद्या उभ्या भेगेतून ते पटकन वर येतं, निवायला वेळ मिळत नाही. म्हणून कुठे ४० अंश, तर कुठे ७० अंशांच्या आसपास. केनियात जमीन अजून ताणली जाते आहे, तिथे खाली वितळलेला खडक जवळ आहे, म्हणून ओल्कारिया इथे १९८१ पासून जमिनीतल्या वाफेवर वीज होते आणि आज त्या देशाची जवळजवळ निम्मी वीज अशी येते. आपली उन्हाळी त्यांच्यापुढे कोमट म्हणायची. पण वाट भेगेचीच.

हे पाणी अंगाला चांगलं, म्हणून लोक पितातही. जपून. खोलातून येताना ते क्षार घेऊन येतं, काही ठिकाणी फ्लोराइडही जास्त असतं. लहान मुलांना रोज प्यायला देण्याआधी पाणी तपासून घ्या. आणि कुंडाच्या शेजारी कुणी हॉटेलासाठी खोल बोअर मारायला निघालं तर ग्रामसभेत विचारा, की ही बोअर त्याच भेगेत जाणार का? भेग एकच असेल तर कुंडाचं पाणी बोअरमध्ये जायला वेळ लागत नाही.

रस्त्यासाठी डोंगर कापला असेल तिथेही या भेगा दिसतात. कातळाचा एखादा चेहरा आरशासारखा गुळगुळीत असतो, आणि त्यावर बोट फिरवलं तर एकाच दिशेचे ओरखडे लागतात. तिथे दोन खडक एकमेकांवर घासलेले असतात. काही ठिकाणी हातभर रुंदीचा चुऱ्याचा पट्टा असतो. अशा चुऱ्यात पावसाचं पाणी शिरलं की कापलेली कडा तिथूनच सुटू शकते. घरामागच्या कापात असा पट्टा दिसला आणि पावसात त्यातून गढूळ पाणी यायला लागलं, तर रात्र तिथे काढू नका.

जुन्या भेगा मेल्या का, हे कोयनेने विचारायला लावलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथे आता जमीन पूर्वीसारखी ताणली जात नाही. भारत उत्तरेला हिमालयाशी रेटला जातो आहे, त्या दाबात जुनी कच्ची जागा सरकते, आणि धरणाच्या साठ्यातलं पाणी खाली झिरपून तिला मदत करतं, असं मानतात. कोयनेला तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून बघितलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर लाव्ह्याच्या थरांखाली जुना ग्रॅनाइट लागला, आणि त्यातही भेगाळलेले पट्टे सापडले. म्हणजे लाव्हा पसरला तो भेगांवर पांघरूण घालून. पांघरुणाखाली काय आहे ते आपल्याला अजून थोडंच दिसलं आहे.

आता परत वाडीत येऊ. डोंगर पूर्वेला, समुद्र पश्चिमेला. जमिनीतलं पाणी डोंगराकडून समुद्राकडे उतरतं. मधे उत्तर-दक्षिण काळी भिंत आडवी. ही भिंत घट्ट आहे, त्यामुळे ती जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखी पाणी अडवते. वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तिथे जुनी विहीर आहे. खालच्या अंगाला कोरडं, तिथे नारळ उभा राहिला. ज्याने ती विहीर खणली त्याने भूगोलाचं पुस्तक वाचलं नव्हतं, पण कुठल्या अंगाला हिरवळ टिकते हे त्याने नक्की बघितलं असणार.

पण काळी भिंत दिसली की वरच्या अंगाला डोळे मिटून खणा, असंही मी सांगणार नाही. काही डाइक स्वतःच तडकलेले असतात, मग ते पाणी अडवत नाहीत, उलट पन्हळीसारखे वाहून नेतात, आणि कधी कधी त्यांच्या कडेला चांगलं पाणी लागतं. भिंत घट्ट की तडकलेली, हे वरून कळतंच असं नाही. म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय असतं, तिथे अर्ज द्यायचा. ते जमिनीत वीज सोडून खाली काय आहे ते पाहतात. नारळापेक्षा त्याला वेळ लागतो. पण नारळवाल्याची पावती मिळत नाही, आणि चुकला तर तो परत येत नाही.

त्या गटाने पाऊस पडायच्या आधी एक काम केलं. सगळ्या बायका मिळून काळ्या ओळीवरून चालत गेल्या आणि दर वीस पावलांवर दगडावर चुन्याचा ठिपका ठेवला, खाचरापासून किनाऱ्यापर्यंत. मग वाडीतल्या सगळ्या विहिरी त्या ओळीच्या कुठल्या अंगाला आहेत आणि पाणी कुठल्या महिन्यात आटतं, ते सासवांना, आज्ज्यांना विचारून वहीत लिहिलं. वरच्या अंगाच्या चार विहिरींपैकी तीन मेपर्यंत टिकतात. खालच्या अंगाच्या पाचही फेब्रुवारी-मार्चमध्ये तळ दाखवतात. ती वही घेऊन त्या भूजलच्या कार्यालयात गेल्या. साहेबांनी वही दोनदा चाळली, म्हणे, आणि नंतर माणूस पाठवला.

नवी विहीर वरच्या अंगाला, गटातल्याच एका वहिनींच्या परड्यात घ्यायची ठरली आहे. जागा त्यांनी लिहून दिली. जुन्या विहिरीच्या भावकीला काळजी वाटते की आपलं पाणी ओढलं जाईल, आणि ती काळजी खोटी नाही, कारण भिंतीमागचा साठा एकच आहे. म्हणून दोन्ही विहिरींवरचे पंप किती तास चालवायचे याची बोलणी चालू आहेत. अध्यक्षबाई परवा फोनवर म्हणाल्या, "बाई, दगड समजला. आता माणसं समजवायची राहिलीत."

तुमच्या गावात अशी काळी भिंत, गुळगुळीत कातळ किंवा उन्हाळं असेल तर ती ओळ कुठून कुठे जाते आणि विहिरी कुठल्या अंगाला आहेत, ते कागदावर काढून आपल्या केंद्राच्या पत्त्यावर पाठवा. चित्र वाकडं आलं तरी चालेल. फक्त उत्तर कुठे आहे ते बाणाने दाखवा.